मराठा खंदक ते लवणह्रद : संचयकेंद्राच्या स्थानिकतेचा एक बंगाली-मराठी इतिहास

१

सियालदह स्थानकातून बाहेर पडल्यावर जो वर्दळीचा रस्ता लागतो त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. त्याचे जुने नाव अप्पर सर्क्युलर रोड. त्याहीपूर्वी या रेषेवर रस्ता नव्हता, खंदक होता. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या एतद्देशीय रहिवाशांनी कंपनीच्या परवानगीने आणि स्वतःच्या खर्चाने वसाहतीभोवती खंदक खणावयास घेतला. नियोजित सात मैलांपैकी तीनएक मैल खोदून झाल्यावर काम थांबले, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड करण्यात आला. 'मराठा डिच' हे नाव मात्र टिकून राहिले. बंगाली अंगाईगीतात आजही डोकावणारा 'बर्गी' हा मराठी 'बारगीर' आहे, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नकोच. या स्वाऱ्यांविषयीचे गंगारामाचे 'महाराष्ट्रपुराण' हे १७५१ सालचे बंगाली काव्य मैमनसिंग भागात मिळालेल्या हस्तलिखितामुळे हाती आले, आणि तेही केवळ पहिल्या कांडापुरते. पुढचे भाग लिहिले गेले असल्यास ते कोणीही जपून ठेवले नाहीत.

खंदकाच्या आत शहर होते, बाहेर दलदल. सियालदह या सीमारेषेला अगदी लगटून, बाहेरच्या अंगाला होते. तेथून पूर्वेकडे खाऱ्या पाण्याची सरोवरे पसरलेली होती आणि त्यांपलीकडे बिद्याधरी नदी. आज त्याच दिशेला, सरोवरे भरून काढलेल्या जमिनीवर वसलेल्या लवणह्रदात म्हणजे सॉल्ट लेकमध्ये, आणि त्याच्याही पुढे न्यू टाउनमध्ये, डेटा सेंटरे उभी राहिली आहेत व राहत आहेत. पूर्व भारतासाठी स्थानिक आणि पर्यावरणदृष्ट्या टिकाऊ असे क्लाउड रीजन उभारावे, ही अपेक्षा राज्याच्या २०२१ च्या डेटा सेंटर धोरणापासून अधिक स्पष्टपणे व्यक्त होऊ लागली. या अपेक्षेतील 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तो तांत्रिक वाटला तरी त्याची उकल बंगाल व महाराष्ट्र यांच्या सामायिक इतिहासातून अधिक नीट होते.

प्रथम संज्ञा पाहणे सोयीचे होईल. क्लाउडच्या परिभाषेत 'रीजन' म्हणजे एका महानगराच्या परिसरात, परस्परांपासून काही अंतर राखून, वीज व शीतनाची स्वतंत्र व्यवस्था असलेल्या आणि वेगवान तंतुजालाने जोडलेल्या डेटा सेंटरांचा समूह. एक बंद पडले तर दुसऱ्याने काम पुढे चालवावे, अशी त्यामागची कल्पना. भारतात मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली रीजने सुरू केली. पुढे दिल्ली आणि हैदराबाद यांची भर पडली. कोलकात्याच्या वाट्याला २०२२ साली आली ती अ‍ॅमेझॉनची 'लोकल झोन' नावाची छोटी शाखा. तिचे नाव स्थानिक असले तरी तिचे मातृकेंद्र मुंबई आहे.

येथे इतिहासाची एक विलक्षण उलटापालट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठीचे खिळे, मराठीचे व्याकरण, मराठीचा कोश हे सारे हुगळीच्या काठी तयार होत होते आणि तेथेच साठवले जात होते. दोनशे वर्षांनंतर कोलकात्यातल्या संगणकावर लिहिलेले बंगाली, क्लाउडच्या वाटेने, ठाण्याच्या खाडीकाठी जाऊन विसावण्याची शक्यता मोठी आहे.

जाता जाता शब्दांविषयी. ज्याला मराठीत आता 'विदा' म्हणतात त्यासाठी बंगालीत 'उपात्त' हा शब्द आहे. पण व्यवहारात चालतो तो 'तथ्य', आणि माहिती तंत्रज्ञानाला तेथे 'तथ्यप्रयुक्ति' म्हणतात. मराठीत 'तथ्य' म्हणजे सत्यांश. 'त्याच्या बोलण्यात तथ्य आहे' असे आपण म्हणतो. एका भाषेतील निव्वळ माहिती दुसऱ्या भाषेत सत्य ठरते, हा शब्दकोशातला योगायोग या विषयाच्या अभ्यासकाने मनाशी बाळगावा असा आहे.

२

सियालदहहून लोकलने बराकपूरला उतरावे आणि तेथून होडीने हुगळी ओलांडावी, म्हणजे श्रीरामपूर येते. १८०० साली हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते. इंग्रजी कंपनी आपल्या मुलुखात मिशनऱ्यांना थारा देत नसल्याने विल्यम कॅरी त्या वर्षीच्या जानेवारीत येथे आला व मार्चपर्यंत छापखाना उभा राहिला. पंचानन कर्मकार या लोहार घराण्यातील कारागिराने आणि त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर याने एकामागून एका लिपीचे ठसे कोरले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकवीत असे. १८०४ पासून त्याच्याकडे मराठीही आली. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले, १८१० मध्ये कोश. कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापलेले होते. कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' ही पुस्तके १८१४ ते १८१६ या काळात प्रसिद्ध झाली. यांतले शेवटचे पुस्तक रामराम बसूच्या १८०१ मधील बंगाली चरित्राचा मराठी अवतार होय. आधुनिक काळातील बंगाली-मराठी गद्यानुवादाचा हा आरंभबिंदू असूनही मराठी वाङ्मयेतिहासात त्याची दखल बहुधा एका ओळीत आटोपली जाते.

ही मराठी मुद्रणाची सुरुवात नव्हे, हे नोंदवले पाहिजे. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत १६१६ सालीच गोव्यात छापले गेले होते, आणि तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात याच सुमारास देवनागरी मुद्रण चालू होते. तथापि एका भाषेचे खिळे, कागद, कोश, व्याकरण, पंडित आणि कारागीर यांची एकाच आवारात जी बांधणी श्रीरामपूरला झाली, तिला संचयकेंद्र म्हणणे वावगे ठरणार नाही. किंबहुना आजच्या 'रीजन'शी तुलना करावी असा तोच पहिला नमुना होय.

या केंद्राची कसोटी ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी लागली. छापखान्याला आग लागली. चौदा भाषांचे खिळे, कागदाचा मोठा साठा, छापून तयार असलेले फर्मे आणि कॅरीची हस्तलिखिते जळाली. संस्कृतोद्भव भाषांच्या ज्या बहुभाषिक कोशावर तो अनेक वर्षे काम करीत होता, त्याचे हस्तलिखितही गेले. तो कोश पुन्हा कधीच पूर्ण झाला नाही. परंतु ढिगारा उपसताना कोरीव ठसे आणि मातृका, म्हणजे ज्यांत शिसे ओतून खिळे पाडतात ते साचे, बऱ्याच अंशी शाबूत मिळाले. छापयंत्रे दुसऱ्या दालनात असल्याने वाचली होती. वितळून गोळा झालेले शिसे उकरून काढण्यात आले, त्याच शिशातून मनोहर आणि त्याचे सहकारी नवे खिळे पाडू लागले आणि काही आठवड्यांतच छपाईला पुन्हा आरंभ झाला.

यात दोन प्रकारचा विनाश आणि दोन प्रकारचा बचाव एकत्र दिसतो, आणि संचयाच्या इतिहासात हा भेद कळीचा आहे. जे मातृकेपासून पुन्हा पाडता येते ते जळाले तरी परत येते. ज्याची दुसरी प्रतच नाही, ते जाते. खिळे परत आले, कोश गेला. शिवाय खिळे परत आले ते मातृका उरल्या म्हणून तर खरेच. पण मातृकेत धातू ओतणारे हात त्याच गावात राहत होते, हे त्याचे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे कारण होय. मातृका लंडनमध्ये आणि कारागीर आणखी कोठे असते, तर बोटीचा प्रवासच कित्येक महिन्यांचा झाला असता. मिशनला पैसा ब्रिटनमधूनच मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पैसा येऊन पोहोचण्यापूर्वी छपाई सुरू झालेली होती.

कागदाविषयी एक परिच्छेद आवश्यक आहे, कारण 'टिकाऊ' या विशेषणाचा संबंध तेथे येतो. बंगालच्या दमट हवेत देशी कागदाला कीड लवकर लागे आणि विलायती कागद महाग पडे. श्रीरामपूरकरांनी स्वतःची कागदगिरणी काढली आणि किडीला दाद न देणारा कागद तयार करण्याचे प्रयोग केले. 'श्रीरामपुरी कागद' हा शब्द पुढे बंगालभर रूढ झाला. १८२० मध्ये या गिरणीसाठी इंग्लंडहून वाफेचे इंजिन आणले गेले. म्हणजे शब्द साठवण्याच्या व्यवसायाला ऊर्जेचा प्रश्न तेव्हाच येऊन भिडला होता. भारतातील अगदी आरंभीच्या वाफेच्या इंजिनांपैकी एक हे कापूस किंवा कोळशासाठी नव्हे तर कागदासाठी आले, ही गोष्ट औद्योगिक इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

मात्र श्रीरामपूरचे चित्र एवढ्यावर थांबवणे एकांगी होईल. मराठीच्या बाबतीत हे केंद्र मातृकांच्या जवळ पण बोलणाऱ्यांपासून दूर होते. हुगळीकाठी घडलेल्या मराठीचे परीक्षण करावयास पुणे-मुंबईचा वाचक तेथे नव्हता. होता तो पंडित आणि कंपनीचा विद्यार्थी. अमेरिकन मिशनने मुंबईत १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली तेव्हा श्रीरामपूरची भाषांतरे तशीच न स्वीकारता नवी केली, आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश मुंबईत सिद्ध झाल्यावर कॅरीच्या कोशाचे व्यावहारिक महत्त्व संपले. स्थानिकता एकपदरी नसते, हे येथे ध्यानात येते. सामग्री, कौशल्य आणि भाषक-समाज हे तीन पदर एका ठिकाणी येतीलच असे नाही. श्रीरामपूरच्या मराठीजवळ पहिले दोन होते, तिसरा नव्हता.

३

विसाव्या शतकात कोलकाता पुन्हा एकदा संचयकेंद्र झाले. या वेळी आकड्यांचे. सियालदहपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. ती पुढे बरानगरला गेली. १९३७ पासून या संस्थेने बंगालमधील तागाच्या लागवडीची नमुना पाहणी हाती घेतली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरच्या खेड्यांतून भरून आलेली प्रपत्रे कोलकात्यास येऊ लागली. १९५५ साली ब्रिटनहून आणलेला 'हेक-२एम' हा भारतातील पहिला अंकीय संगणक बरानगरलाच बसवला गेला. त्याची चुंबकीय ढोलावरील स्मृती १०२४ 'शब्दां'ची होती. कॅरीच्या कोशाची चार पानेही तीत धड मावली नसती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत 'उराल' संगणकाची भर पडली. त्या काळी देशाचे डेटा सेंटर कोठे, असे विचारले असते तर उत्तर निःसंशय 'बरानगर' असे आले असते.

याच काळातील एका वादाकडे मराठी अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावयास हवे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) लंडनहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर काही काळ कलकत्त्यातील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेत होते. नंतर दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक-कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. महालनोबिसांच्या पद्धतीत शेतातील अगदी लहान तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधला जाई आणि हे काम संस्थेचे स्वतंत्र, फिरते कर्मचारी करीत. सुखात्मे यांचे म्हणणे होते की, तुकडा लहान घेतला की कडेची रोपे आत धरली जाण्याचा कल वाढतो आणि उत्पन्न फुगलेले दिसते. १९४६ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये हा आक्षेप मांडला. तुकडा मोठा घ्यावा आणि मोजणी गावात आधीच असलेल्या महसूल कर्मचाऱ्यांकडून करवावी, हा त्यांचा आग्रह होता.

हा वाद सांख्यिकीच्या ग्रंथांत पद्धतिशास्त्रीय म्हणून नोंदला जातो. वस्तुतः त्याच्या मुळाशी जमीनमहसुलाचा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात रयतवारी होती. गावोगाव तलाठी होता, सात-बारा होता, पीकपाहणी होती. गावची नोंद गावातच राही. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार उभा राहिला आणि गावपातळीवर नोंद ठेवणारा सरकारी माणूसच उरला नाही. महालनोबिसांना कोलकात्याहून माणसे पाठवावी लागली ती यामुळे. साताऱ्याच्या माणसाला स्थानिक नोंदकर्ता गृहीत धरता आला आणि कलकत्त्याच्या माणसाला तो धरता आला नाही. दोघांनीही आपापल्या प्रांताच्या अनुभवालाच शास्त्राचे रूप दिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महालनोबिसांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की स्थानिक नोंदकर्ता स्थानिक दबावाखालीही असतो, आणि तलाठ्याच्या पीकपाहणीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा शेतकरी महाराष्ट्रातही सापडणे कठीण.

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले. राष्ट्रीय पाहणीचा माहिती-प्रक्रिया विभाग मात्र दीर्घकाळ कोलकात्यातच राहिला. पुढे १९७० व ८० च्या दशकांतील वीजटंचाई, उद्योगांचे स्थलांतर आणि नव्या संगणक-उद्योगाचे बंगळूर, पुणे, हैदराबादकडे वळणे या साऱ्यांत शहराचे हे स्थान हरपले. 'लोडशेडिंग' हा शब्द ज्या पिढीच्या बंगाली कथा-कादंबऱ्यांत सहज वावरतो, त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत हे घडले.

४

डेटा सेंटर म्हणजे अखेर उष्णता निर्माण करणारी इमारत. यंत्रात शिरलेली जवळजवळ सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती वाहून नेण्यासाठी पाणी किंवा आणखी वीज लागते. म्हणून 'टिकाऊ' या विशेषणाची खरी परीक्षा शीतनात होते, आणि कोलकात्याला शीतनाचा इतिहास आहे.

१८३३ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनहून निघालेले 'टस्कनी' जहाज कलकत्त्यास पोहोचले. निघताना त्यावर १८० टन बर्फ होते. भुशात गुंडाळलेले सुमारे १०० टन शिल्लक राहिले होते. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग पुढे काही दशके चालला. मुंबईतही १८३४ मध्ये हे बर्फ आले आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या मेजवानीत आइस्क्रीम खाल्ल्यानंतर यजमान व पाहुणे सर्दीने आजारी पडल्याची नोंद प्रसिद्धच आहे. कमी परिचित आहे ती गोष्ट अशी की, त्यापूर्वी हुगळी-चुंचुडा भागात स्थानिक बर्फ होत असे. पौष-माघाच्या निरभ्र रात्री उसाची चिपाडे वा पेंढा अंथरून त्यावर उथळ मातीच्या थाळ्यांत पाणी ठेवीत. पहाटेपर्यंत त्यावर पातळ थर गोठे आणि तो खड्ड्यांत साठवला जाई. आकाशाकडे उष्णता सोडण्याचे हे तंत्र आजच्या अभियंत्यांना नव्याने आकर्षित करते आहे. हुगळीचे ते गढूळ, मऊ बर्फ मॅसॅच्युसेट्सच्या काचेसारख्या लाद्यांपुढे टिकले नाही. १८७० च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर बर्फ करणारे कारखाने कलकत्त्यातच निघाले, तेव्हा ती आयातही संपुष्टात आली. अशा रीतीने स्थानिक थंडावा गेला, परकी आला आणि अखेर कोळशावर चालणारा स्थानिक थंडावा परतला.

आता सियालदहच्या पूर्वेकडे वळू. शहराचे सांडपाणी उताराने हुगळीकडे जात नाही, पूर्वेकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम क्लार्कच्या योजनेनुसार भूमिगत गटारे झाली आणि सियालदहच्या दक्षिणेस पामर ब्रिजजवळच्या पंपांनी ते पाणी पूर्वेच्या कालव्यांत चढवले. गाळाने बिद्याधरी भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत नदी म्हणून जाहीर झाली. खारे पाणी येणे थांबले. त्यानंतरच्या वर्षांत मच्छीमारांनी गोड झालेल्या त्या तळ्यांत सांडपाणी मोजूनमापून सोडून मासे वाढवण्यास आरंभ केला. या तळ्यांना 'भेडी' म्हणतात. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शैवाल वाढते, मासे ते खातात आणि काही दिवसांत मैल्याचे पाणी शेतीस देण्याजोगे होते. रोजचे ७५ कोटी लिटरांच्या आसपासचे सांडपाणी या मार्गाने जाते आणि वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी शहराला मिळते. विजेवर चालणारे शुद्धीकरण केंद्र जवळपास नसताना हे चालते. ध्रुवज्योती घोष (१९४७-२०१८) या सरकारी अभियंत्याने १९८० च्या दशकात या व्यवस्थेचा नकाशा केला आणि तिला पूर्व कोलकाता पाणथळ हे नाव दिले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तेथील जमिनीचा वापर बदलण्यास आडकाठी घातली, ऑगस्ट २००२ मध्ये १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश रामसर यादीत आला आणि २००६ मध्ये राज्याचा स्वतंत्र कायदा झाला.

हीच पाणथळ उत्तरेकडे आणखी पसरलेली होती. १९६२ साली बिधानचंद्र रॉय यांच्या हस्ते सुरुवात होऊन युगोस्लाव्ह कंपनीने हुगळीचा गाळ नळांवाटे आणून तेथील सरोवरे भरून काढली. त्यावर सॉल्ट लेक वसले. १९८० च्या दशकात त्याच्या पाचव्या सेक्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत आली. सियालदह ते सेक्टर पाच हा मेट्रोमार्ग जुलै २०२२ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हावडा मैदानापर्यंत सलग जोडला गेला. त्याचे भुयार खणताना ऑगस्ट २०१९ मध्ये बहूबाजारात जमिनीखालचे पाणी फुटून घरे खचली. बुजवलेल्या पाण्याची स्मृती किती खोलवर असते, याचा हा अलीकडचा पुरावा. न्यू टाउनमधील 'सिलिकॉन व्हॅली' परिसरात ज्या कंपन्यांनी डेटा सेंटरसाठी जमीन घेतली त्यांत एअरटेलची नेक्स्ट्रा, एसटीटी आणि हैदराबादची कंट्रोल-एस यांचा समावेश आहे.

येथे महाराष्ट्राशी तुलना उद्बोधक ठरते. नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटरेही खाडीकाठच्या पट्ट्यात आहेत. त्यांच्या पश्चिमेला ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य असून तेही २०२२ मध्ये रामसर यादीत आले. मिठागरांचा प्रदेश आणि लवणह्रद, दोन्हीकडे नव्या स्मृतिगृहांचा शेजार खाऱ्या पाण्याचाच. फरक केबलचा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रतळाच्या तारा उतरतात म्हणून तेथे रीजने प्रथम आली. कोलकात्याचा समुद्र शंभरेक मैल दूर आहे. दिघ्याला केबल उतरवण्याची योजना जाहीर झालेली आहे.

हवामानाचा प्रश्न याहून कठीण आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाने थंडावा देणारी स्वस्त पद्धत कोरड्या हवेत चालते. कोलकात्याच्या दमट हवेत, विशेषतः आषाढ-श्रावणात, ती दुबळी पडते आणि विजेवरील शीतयंत्रांवरच भर येतो. राज्याची वीज मुख्यतः कोळशाची. कंपन्या नूतनक्षम विजेचा ताळेबंद वर्षाच्या हिशेबाने जुळवतात. दुपारच्या राजस्थानी सौरविजेचे श्रेय रात्रीच्या बंगाली कोळशापुढे मांडले जाते, आणि कागदावर बेरीज शून्य होते. पुरुलियात अयोध्या डोंगरावर २००७-०८ पासून चालू असलेला ९०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प रात्रीची गरज खरोखर भागवण्याच्या दिशेने अधिक प्रामाणिक साधन ठरू शकेल. २० मे २०२० च्या अंफान वादळानंतर शहराचे काही भाग कित्येक दिवस अंधारात होते. अशा वेळी डेटा सेंटर डिझेलवर चालते. टिकाऊपणाच्या हिशेबात ते डिझेल धरले जाते किंवा नाही, हे विचारले पाहिजे.

भेडीच्या मच्छीमाराच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे. त्याला विजेपेक्षा पाण्याची आणि जमिनीची चिंता. भरावाच्या प्रत्येक नव्या वसाहतीबरोबर पाणथळीच्या कडेची जमीन महाग होते, आणि संरक्षित सीमेच्या आतली तळीही रात्रीतून भरली जातात. नव्या केंद्राने शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शीतनासाठी वापरले तर गोड्या पाण्याची बचत होईल. परंतु तेच सांडपाणी भेडीतील माशांचे अन्न आहे. दिल्ली किंवा पुण्यात जो उपाय निर्विवाद चांगला ठरेल, तो येथे कोणाच्या तरी ताटातले काढून घेतो. हा तपशील कोलकात्यापुरता आहे, आणि 'स्थानिक' या शब्दाला खरा अर्थ असलाच तर तो अशाच तपशिलांत आहे.

५

साहित्याच्या अभ्यासकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, अशी शंका घेता येईल. तिचे उत्तर ग्रंथसंचयाच्या अलीकडील इतिहासात आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या शासकीय प्रकल्पात लाखो भारतीय ग्रंथांची छायाचित्रे घेतली गेली होती. त्यांत बंगाली आणि मराठी ग्रंथ विपुल होते. २०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. तेव्हा कॉपीराइटच्या तक्रारींचा प्रश्न होता. त्या ग्रंथांच्या फार मोठ्या भागाच्या प्रती तत्पूर्वी अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्हवर गेल्या होत्या, म्हणून आज पुण्यातला किंवा शांतिनिकेतनातला संशोधक त्या वाचू शकतो. श्रीरामपूरला मातृका जवळ होत्या म्हणून खिळे परतले. येथे मूळ संच घरात असूनही दार बंद झाले आणि प्रत दूरदेशी असल्यामुळे वाचली. दूरची प्रत सुरक्षितता देते, हे स्थानिकतेच्या कैवाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयकांचा विदा देशातच ठेवण्याचा आदेश काढला. वित्तव्यवहारात ते समजण्याजोगे आहे. हस्तलिखितांच्या बाबतीत केवळ 'देशात' एवढी अट पुरेशी नाही, आणि कित्येकदा हितावहही नाही.

याच्या उलट उदाहरण यादवपूर विद्यापीठाचे. तेथील सांस्कृतिक संहिता व अभिलेख केंद्राने २०१३ मध्ये रवींद्रनाथांच्या समग्र पाठभेदांचा 'बिचित्रा' हा संग्रह खुला केला. हस्तलिखिते आणि मुद्रित आवृत्त्या मिळून सुमारे १ लाख ४० हजार पृष्ठे त्यात आहेत. पाठांची तुलना करणारी 'प्रभेद' नावाची प्रणालीही त्यासाठी तेथेच घडवली गेली. सर्व्हर कोणाचा हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो, कारण साचा पाडणारे हात यादवपूरलाच आहेत. मराठीत ज्ञानेश्वरीच्या किंवा तुकारामांच्या गाथेच्या पाठभेदांसाठी या तोडीचे काम झालेले नाही. त्यासाठी लागणारी जागा नवी मुंबईत भाड्याने सहज मिळेल. अडचण जागेची नाहीच.

मोडीचे पाहा. कॅरीच्या कोशाचे मोडी खिळे १८१० मध्ये हुगळीकाठी होते. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, देवनागरी व बंगालीनंतर वीसहून अधिक वर्षांनी. युनिकोडचे कोष्टक ही आजची मातृका आहे. ते कोणत्याही एका इमारतीत नसते आणि म्हणून जळत नाही. पण त्यातून अक्षर पाडणारा कारागीर लागतोच. पेशवे दफ्तरातील कोट्यवधी मोडी कागद वाचू शकणाऱ्यांची संख्या पाहता, सर्व्हरची भर पडत असताना वाचकांची घट होत आहे.

कोलकात्यात पूर्ण रीजन झाले तर त्याची कागदपत्रे अर्थातच वीज, पाणी, जमीन आणि गुंतवणूक यांविषयी असतील. त्यांत आणखी तीन गोष्टी मागता येतील: विजेचा हिशेब वर्षाऐवजी तासाचा असावा, शीतनासाठी घेतलेल्या प्रत्येक लिटर सांडपाण्याच्या बदल्यात भेडींना काय मिळाले ते जाहीर व्हावे, आणि विद्यापीठे व ग्रंथालये यांच्या संग्रहांची एक प्रत खुल्या स्वरूपात, मुंबईच्या मातृकेंद्राशी जोडणी तुटली तरी वाचता येईल अशी, तेथे राहावी. पहिल्या दोन मागण्यांसाठी पर्यावरणवादी आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था बोलतील. तिसरीसाठी कॉलेज स्ट्रीटवरून किंवा मराठी अध्यासनांतून अद्याप कोणी अर्ज केलेला दिसत नाही.